उजव्या गुडघ्याचे दुखणे

रविवार, ता. १५ जानेवारी १९३३, सकाळी साडेआठ

ओटीवर बसून विटेचा शेक घेत होतो. वीट चुलीत तापवून फडक्यात गुंडाळली होती. आई आत गेली की ती जांघेत धरायची आणि आई बाहेर आली की गुडघ्यावर ठेवायची, असे चालले होते. या घाईत एकदा चांगलाच चटका बसला.

आजपासून ही वही लिहायची. परळच्या रात्रशाळेतले मास्तर म्हणत, रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे शिकलेले जात नाही. माझी गावची शाळा तिसरीत सुटली. पुढचे जे काही आहे ते रात्रशाळेतले.

दुखणे असे झाले. डिसेंबरात परळच्या मैदानावर हुतुतूचा सामना होता. मी चढाईला गेलो आणि परतताना दोघांनी माझी कंबर धरली. मधली रेघ हातभर लांब होती. दम तुटायच्या आत तिला शिवायचे म्हणून उजवा पाय होता तेवढा लांब टाकला. अंगठा रेघेला लागला, आम्ही जिंकलो, आणि जांघेत आतल्या बाजूस ओली सुतळी ताणून तोडावी तसे झाले. त्या दिवसापासून शिंकलो तरी कळ येते. बसलेला उठताना येते, कूस बदलताना येते. गिरणीत साच्यावर उभे राहता येईना. आमच्या खात्याचा मुकादम, जॉबर, म्हणाला, शिमग्यापर्यंत जागा धरून ठेवतो, पुढचे तुझे तू बघ. म्हणून बोटीने घरी आलो.

घरी मी गुडघा दुखतो असे सांगितले आहे.

ह्याचे कारण लिहून ठेवतो. मुंबईत एकटा राहून आलेल्या माणसाने जांघ दुखते म्हटले की आमच्या वाडीत त्याचा एकच अर्थ होतो, तो बायकांकडे जाऊन रोग घेऊन आला. आमच्या खालच्या घरचा मोरू तसा आला होता. त्याचे ताट वेगळे, तांब्या वेगळा. मरताना त्याच्या तोंडात पाणी त्याच्या आईने एकटीने घातले. माझी तर सुपारी फुटलेली आहे. पोलादपूरच्या अलीकडे येसाजीमामांची मुलगी तुळसा, तिच्याशी वैशाखात लग्न आहे. येसाजीमामा अब्रूला फार जपतात.

तेव्हा गुडघा हेच बरे. गुडघा कुणाचाही दुखतो.

मंगळवार, ता. १७ जानेवारी

आईने गोमाजीला बोलावले. हा वरच्या आळीतला म्हातारा. गुरांना आणि माणसांना डाग तोच देतो.

"कुठला गुडघा?"

"उजवा."

त्याने अंगठ्याने दाबून पाहिले. "हितं दुखतंय?"

"होय."

"आन् हितं?"

"तिथेही."

"ह्या बाजूला?"

आता नाही म्हटले तर संशय येईल, म्हणून होय म्हटले.

"मंग समदाच गुडघा गेला म्हनायचा," गोमाजी आईला म्हणाला. "रंगू, बिब्बा आन गो. आन् दिवा लाव."

सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला, त्यातून तेल ठिबकू लागले, आणि गुडघ्याभोवती गोल डाग दिले. मी ओरडलो नाही. गोमाजीने आईला सांगितले, "पोरगा घट हाय. डाग पिकला की दुखनं भायेर पडंल बघ."

एक गोष्ट चांगली झाली. मी लंगडतो त्याला आता सगळ्यांना दिसेल असे कारण आहे.

रविवार, ता. २२ जानेवारी

डाग पिकले आहेत. जांघ तशीच.

वहिनीला माहेरी पोचवायला गेलो. वहिनी म्हणजे चंद्राबाई. थोरला भाऊ मुंबईला गोदीत असतो, ती इथे असते. तिचे माहेर तुळसाच्याच गावचे. आम्ही शेताच्या बांधावरून उतरत होतो तेव्हा तुळसा समोरून गवताचा भारा घेऊन आली. सुपारी फुटल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, ते रीतीप्रमाणेच आहे. ती वहिनीशी बोलली. पण आवाज मला ऐकू जाईल एवढा होता.

"चंद्राक्का, तुझ्या दिराचा गुडघा कुठं असतो गो?"

"कुठं असतो म्हंजे? समद्यांचा असतो तिथंच."

"नाय, बांधावरून उतरताना हात भलतीकडंच गेला म्हनून इचारलं."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. माझे कान तापले. तुळसा हसली नाही. भारा सावरून म्हणाली, "आमच्या दादाला बैलानं फरफटवला व्हता ना, तवा तो बी असाच उतरायचा. दोन म्हयने उताना पाडून ठेवला आयेनं. आता बघ कसा नांगर धरतो."

तिच्या भावाचा येथे काय संबंध, ते मला कळले नाही. एवढे कळले की तिने वहिनीसमोर माझी थट्टा केली. मुलगी तोंडाने फटकळ आहे. वाटेत मी हात मुद्दाम गुडघ्यावर ठेवून चाललो, त्यामुळे कंबरही दुखू लागली.

सोमवार, ता. ३० जानेवारी

बाजाराचे निमित्त सांगून मोटारीने महाडला गेलो. चवदार तळ्याच्या पलीकडे एक डॉक्टर आहेत, पुण्याकडचे. आधी दोनदा दारावरून पुढे गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच हाक मारली.

"काय होतंय?"

"गुडघा."

त्यांनी धोतर वर करायला सांगितले आणि डाग पाहिले. "हे कुणी केलं?"

"आमच्या गोमाजीने."

"गोमाजीला माझा नमस्कार सांगा. ठणठणीत गुडघा होता, तो आजारी पाडला त्यानं." मग दार लावून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही रस्त्याने दोनदा गेलात ते मी पाहिलं. गुडघेदुखीचा माणूस असा चालत नाही. आता खरं सांगा."

मी सांगितले. जांघ हा शब्द दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदाच तोंडातून काढला. त्यांनी विचारले, बायकांकडे जाणे आहे काय. मी म्हटले, नाही, देवाशप्पथ नाही. ते म्हणाले, "शपथ कशाला? नाही म्हणालात, झालं."

मग टेबलावर निजवले. खोकायला लावले आणि बोटाने चाचपून अंतर्गळ नाही असे सांगितले. गाठही नाही. पाय दुमडायला लावून दोन गुडघ्यांमध्ये स्वतःची मूठ धरली आणि म्हणाले, "दाबा." मी दाबली आणि डोळ्यांतून पाणी आले. "हेच," ते म्हणाले. "मांडीचे आतले स्नायू हाडाला जिथे चिकटतात, तिथे फाटलं आहे. तुम्ही त्याला भरू देत नाही, म्हणून रोज थोडं थोडं पुन्हा उसवतं."

उपाय विचारले. त्यांनी सांगितले ते आठवते तसे लिहितो. चोळण्याने काही होणार नाही, उलट अपाय होईल. डाग देणे म्हणजे अडाणीपणा. औषधी तेल लावा, त्याने मनाला बरे वाटेल, एवढेच. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कापून शिवणारे आहेत, पण मला विचाराल तर जाऊ नका, त्यातून चांगले झालेले मी अजून पाहिलेले नाहीत. राहिला तो एकच उपाय. वरून घट्ट पट्टा बांधायचा, दीड महिना ओझे नाही, चढणे नाही, पळणे तर नाहीच. मग घोंगडीची वळकटी गुडघ्यांत धरून रोज हळूहळू दाबायची, जेवढे दुखणार नाही तेवढीच. पाऊस सरेपर्यंत हुतुतू नाही.

"आणि त्याआधी खेळलो तर?"

"तर मग कायमचं बघायला जावं लागेल, खेळायला नाही. घरी सांगा म्हणजे घरचे काम लावणार नाहीत."

"घरी सांगता येत नाही."

"मी चिठ्ठी लिहून देतो."

"चिठ्ठी वाचणारा घरात मीच आहे."

मग त्यांनी पट्टा स्वतः बांधून दाखवला.

शुक्रवार, ता. ३ फेब्रुवारी

विश्रांती कशी घ्यावी? राबासाठी झाडांवर चढून डहाळ्या तोडायचे दिवस आहेत. शेत भाजले नाही तर भाताची रोपे कुठून येणार? आई म्हणाली, "गुडघ्याला आता खपली धरली, चढशील ना रे?" खपली खरोखरच धरली होती. ऐनाच्या तीन झाडांवर चढलो. उतरताना तिसऱ्या झाडाला मिठी मारून थोडा वेळ तसाच राहिलो. आई खालून म्हणाली, "काय बघतोस तिकडं?" मी म्हटले, मध आहे का पाहतो.

गुरुवार, ता. ९ फेब्रुवारी

हे नीट विचार करून केले. शेकाने थोडे बरे वाटते. घरी वीट लपवावी लागते. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसले तर अंगभर शेक आपोआप होतो आणि कुणाला काही सांगावे लागत नाही. महाडहून सव जवळच आहे. आईला म्हटले, गुडघ्यासाठी जातो. तिला पटले.

पहाटे पोचलो. तिथे अंगावर चट्टे असलेले, खरूज झालेले असे पुष्कळ लोक येतात. मी त्यांच्यापासून लांब, एका टोकाला बसलो. पाणी कढत, पण सोसेल असे. कमरेपर्यंत उतरलो. गुडघ्याची खपली मात्र पाण्याने झोंबू लागली, तेव्हा उजवा पाय वर उचलून गुडघा काठच्या दगडावर कोरडा ठेवला. फार दिवसांनी जांघ सैल झाली. डोळे मिटून बसलो होतो.

डोळे उघडले तर समोर सयाजी उभा. तुळसाचा चुलता. देवाला आला होता म्हणे.

"दत्ताराम ना रे तू? हितं कसा?"

"गुडघ्यासाठी आलो."

त्याने गुडघ्याकडे पाहिले. गुडघा दगडावर होता. मग पाण्याकडे पाहिले. मग शेजारच्या चट्टेवाल्यांकडे.

"बरं बरं," म्हणाला. "बस बस. बसायचं तर नीट बस." आणि गेला.

त्याच्या बोलण्यात काही वावगे नव्हते. तरीही मनाला चैन नाही.

मंगळवार, ता. १४ फेब्रुवारी

वहिनी माहेरून परत आली. आई पाण्याला गेली तशी ती माझ्यासमोर बसली. तांदूळ निवडायला घेतले होते, पण निवडत नव्हती.

"भावजी, राग मानू नका. येक इचारते."

"विचार."

"कुठं दुखतंय तुमचं?"

"गुडघा."

"माझ्याकडं बघा. तुमच्या वयनीनं इचारलेलं नाय हे. तुळसानं इचारलंय. सयाजीनं घरात जाऊन काय काय सांगितलंय. येसाजीमामा दोन दिस जेवला नाय. ती म्हनते, जे काय आसंल ते एकडाव त्यांच्या तोंडून सांगायला लाव, म्हंजे मला बापापुढं उभं ऱ्हाता येईल."

म्हणजे तिलाही संशय आहे. एवढ्यासाठीच तिने बांधावर थट्टा केली होती. जिच्याशी उभा जन्म काढायचा तिनेच असे विचारावे, याचे मला फार वाईट वाटले.

"गुडघाच आहे म्हणून सांग," मी म्हटले. "विश्वास नसेल तर त्याला माझा इलाज नाही."

वहिनीने सूप उचलले. "इलाज तुमच्याजवळच हाय," एवढे म्हणून ती आत गेली.

शुक्रवार, ता. १७ फेब्रुवारी

सदूला सगळे सांगितले. सदू आमच्याच वाडीचा, मुंबईत माझ्याच संघात खेळतो. त्याची गिरणी बंद पडल्यामुळे सध्या गावी आहे. परळच्या सामन्यात मला मैदानाबाहेर यानेच उचलून नेले होते.

"येवढंच ना?" सदू म्हणाला. "मी आत्ताच्या आत्ता येसाजीमामाकडं जातो. सांगतो, मामा, माझ्या डोळ्यांदेखत झालं, दोघांनी कमरेला मिठी घातली आन् ह्यानं टांग टाकली. हुतुतूचा मार हाय, दुसरं काय नाय."

"आणि ते विचारतील, मग इतके दिवस गुडघा का म्हणत होता?"

"सांगू, येडा हाय म्हनून. खोटं हाय का ते?"

मला हसू आले नाही. एकदा जांघ म्हटले की पुढचे कुणी ऐकून घेणार नाही. मोरूच्या वेळीही त्याने आधी बैलाने लाथ मारली असेच सांगितले होते. मी सदूला भैरवाची शपथ घातली. कुणीही विचारले, कधीही विचारले, तरी गुडघाच म्हणायचे.

"चुकतोस रे दत्ता," तो म्हणाला. पण शपथ घेतली.

मग मला सुचलेला मार्ग त्याला सांगितला. शिवरात्रीनंतर महाडला वीरेश्वराच्या छबिन्याच्या जत्रेत हुतुतूचे सामने आहेत. येसाजीमामा छबिना चुकवत नाहीत. त्यांच्यासमोर मी खेळलो, पळालो, की कसला रोग आणि कसले काय. आजारी माणूस चढाई करतो काय?

सदू म्हणाला, "डाक्टर काय म्हनला व्हता?"

मी म्हटले, डॉक्टरांना येसाजीमामा ठाऊक नाहीत.

सोमवार, ता. २७ फेब्रुवारी

पडून लिहीत आहे, अक्षर बरोबर येत नाही.

शनिवारी सामना झाला. पट्टा दोनदा गुंडाळून वर लंगोट घट्ट कसला होता. अंग गरम झाल्यावर कळ जाणवेनाशी झाली. पहिल्या चढाईत एक गडी बाद करून आलो. लोक ओरडले. देवळाच्या भिंतीला टेकून येसाजीमामा उभे होते, बाजूला सयाजी. मामांनी फेटा सारखा केला आणि सयाजीकडे वळून काहीतरी म्हणाले. त्यांचा चेहरा मला मोकळा दिसला. त्यांचा संशय फिटला असे मला वाटले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते, असे आज वाटते. पण तेव्हा तसे वाटले नाही. अजून एकदा दाखवावे असे वाटले.

तिसऱ्या चढाईत त्यांच्या थोराड गड्याने माझा डावा घोटा धरला. रेघ जवळच होती. उजवा पाय टाकला. या वेळी आवाज मलाच ऐकू आला, मांजरपाट फाडताना येतो तसा. अंगठा रेघेच्या पलीकडे पडला. पंचांनी हात वर केला. आणि मी सगळ्या गावांसमोर दोन्ही हातांनी नको तिथे धरून मातीत लोळत होतो. हात काढायचे म्हटले तरी निघेनात.

सदूने उचलून कडेला आणले. लोक जमले. येसाजीमामा वाट काढत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. सदूला म्हणाले, "सदू, तू खोटं बोलायचा नायस. तुझ्या बापाला मी वळखत व्हतो. काय झालंय ह्याला? खरं सांग. काय बी आसूं दे, पन खरं सांग."

सदूने माझ्याकडे पाहिले. मी नको म्हणून मान हलवली.

"गुडघा," सदू म्हणाला.

मामा आले तसे वाट काढत परत गेले.

डोलीत घालून चौघांनी मला घरी आणले. वाटेत सदू रडत होता. मी त्याला समजावले की त्याने योग्य तेच केले. त्याने शपथ पाळली. असा मित्र मिळणे कठीण.

गुरुवार, ता. २ मार्च

डॉक्टर स्वतः पोलादपूरपर्यंत मोटारीने आणि पुढे चालत आले. रागावले नाहीत, त्याचेच वाईट वाटले. एक महिना हलायचे नाही. पुढचे पुढे बघू म्हणाले. जाताना आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितले. आई आत आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येवढंच व्हतं, तर मला सांगायला काय झालं व्हतं रे? मी का परकी हाय?"

मी भिंतीकडे तोंड केले. तेवढी कूस बदलल्यानेही कळ आली.

सोमवार, ता. ६ मार्च

आज वहिनीला मीच हाक मारली आणि सगळे सांगितले. जांघ, परळचा सामना, विटेचा शेक, डॉक्टरांची मूठ, सव. म्हटले, तुळसाला जसेच्या तसे सांग. तिने विचारले होते त्याचे हे उत्तर.

वहिनीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "जाऊन येते." मला वाटले होते, ती आनंदाने उठेल.

गुरुवार, ता. ९ मार्च

वहिनी आली. हातपाय धुतले, पाणी प्याली, आणि उंबऱ्यावरच बसली.

"येसाजीमामानं खेडच्या बाजूला शबूद दिला, भावजी. छबिन्यावरून आला तो तसाच गेला तिकडं. म्हनला, रोग आसता तरी मी येकडाव गप बसलो आसतो, पन त्याचा दोस्त बी तोंडावर खोटं बोलला. दोघं मिळून लपवतात, म्हंजे लपवन्यासारखंच आसनार."

"आणि तुळसा?"

वहिनी बराच वेळ बोटातली जोडवी फिरवत राहिली.

"तिला ठाव व्हतं."

"काय?"

"समदं. बांधावर बघितलं तवाच वळखलं तिनं. भावाचं बघितलेलं व्हतं ना घरात. बापाला म्हनाली, हा तसला रोग नाय, हा फाटल्याचा मार हाय. तर बाप म्हनला, तुला काय ठाव गो? तू कुठं बघितलंस? कुठं दुखतं ते तुला कुनी सांगितलं? आता पोरीच्या जातीनं त्यावर काय बोलावं, सांगा तुम्ही. म्हनून तुमच्या तोंडून पायजे व्हतं तिला. तवा माझ्याकरवी इचारलं."

"मला वाटले तिला संशय आहे."

"संशय आसता तर इचारलं आसतं व्हय, भावजी? गप बसून सुटली नसती का?"



रविवार, ता. १२ मार्च

धुळवड. सगळे पालखीकडे गेले आहेत. ढोलांचा आवाज येथपर्यंत येतो.

जॉबरने शिमग्यापर्यंत जागा ठेवतो म्हटले होते.

रविवार, ता. ९ एप्रिल

घोंगडीची वळकटी गुडघ्यांत धरून दाबणे सुरू केले. आई शेजारी बसून पाहते आणि सांगते, "हळू रे, घाई कशाची?" आता काही लपवावे लागत नाही. वीटही उघड्यावर तापते. गोमाजी येऊन बघून गेला. मान खाली घालून म्हणाला, "मला तरी सांगायचं व्हतंस पोरा. मी काय वाजवत फिरलो आसतो?"

शिंक आली तरी कळ येत नाही. परवा सदू आला होता, त्याची मूठ गुडघ्यांत धरून मी दाबली. दुखले नाही. सदू म्हणाला, "आता फोडशील माझी बोटं, सोड." डॉक्टर जसे म्हणाले होते तसेच होत आहे. जानेवारीतच पडून राहिलो असतो तर एव्हाना बरा झालो असतो.

गुरुवार, ता. २७ एप्रिल

उद्या सदूबरोबर मुंबईला जात आहे. जागा गेली आहे, दुसरी शोधायची. चालतो तो सरळ चालतो. डॉक्टर म्हणाले, खेळ पुढच्या वर्षी पाहू, पण ते पाहू म्हणाले तेव्हा खिडकीबाहेर पाहत होते.

तुळसाचे लग्न सोमवारी झाले. मी आईबरोबर परसात कुंपण घालत होतो. वरात पोलादपूरकडून गेली म्हणतात. इकडून दिसत नाही.

सयाजी सुपारीच्या वेळचे सामान परत घेऊन आला होता. अंगणाबाहेरच उभा राहिला, पाणीही घेतले नाही. आता त्यांच्या घरी सगळ्यांना खरे कळले आहे, असे वहिनी म्हणते. पण दिलेला शब्द कसा फिरवणार? सयाजी जाताना म्हणाला, "दत्ताराम, सवला मी तुला नीट इचारायला पायजे व्हतं." मी म्हटले, तुम्ही विचारले असते तरी मी गुडघाच म्हटले असते.

दुखण्यापायी झालेला हिशेब, जाण्यापूर्वी मांडून ठेवतो.

खर्च. गोमाजी, डागाचे चार आणे (नारळ घरचा, तो धरला नाही). डॉक्टर, एकूण तीन रुपये. महाडची मोटार, एक रुपया. सवचा खर्च पाच आणे. पट्टा बारा आणे. डोलीच्या चौघांना दोन रुपये. एकूण सात रुपये पाच आणे.

देणे. सदूचे तीन रुपये, तो नको म्हणतो, तरी द्यायचे. वहिनीचे बारा आणे. एकूण तीन रुपये बारा आणे.

परत आले. सुपारीच्या वेळी आम्ही दिलेले लुगडे, एक, हिरवे. महाडच्या दुकानातून सात रुपयांना घेतले होते. लग्नाच्या दिवशी नेसायचे, तोवर पेटीत ठेवायचे, असे ठरले होते. दुकानदाराला दाखवले. तो म्हणाला, घडी मोडलेली आहे, कुणीतरी हे नेसले आहे, परत घेता येणार नाही. आई म्हणाली, त्यांच्या घरात नेसणार कोण, तुळसाशिवाय दुसरी मुलगी नाही.

त्याची किंमत काय धरावी ते कळत नाही. रकमेची जागा कोरी ठेवली आहे.